टोकन दिलंय, दस्त होत नाही: मधल्या दिवसांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला ८६ लाखांचा रीसेलचा टू बीएचके ठरवला, २ लाख टोकन देऊन विसार पावती (टोकनचा आणि व्यवहाराच्या अटींचा लेखी कागद) केली, त्याला ५२ दिवस झाले. तुमचं लोन मंजूर आहे. विकणाऱ्यांचं त्याच फ्लॅटवर कर्ज चालू आहे आणि त्यांच्या बँकेकडून कागद येत नाहीत. सोसायटीचं एनओसी (नाहरकत पत्र) अडकलंय. भाड्याचं घर पुढच्या महिनाअखेरीस सोडायचंय. एजंट रोज ‘दोन दिवसांत होऊन जाईल’ म्हणतो. मिस्टर रात्री दोनला उठून मोबाइल बघत बसतात, तुमचं ऑफिसात लक्ष लागत नाही, आणि आता दोघांत त्यावरून खटके उडायला लागलेत.

मी वकील आहे. गेली तेवीस वर्षं पुण्यात घरांच्या खरेदी-विक्रीचीच कागदपत्रं करते. तुमच्यासारखी जोडपी दर महिन्याला समोर बसतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा हा ताण मला लांबून ओळखू येतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हे सांगते की विकणाऱ्याचं कर्ज चालू असलेल्या फ्लॅटला ५२ दिवस लागणं यात वावगं काही नाही. अशा व्यवहारात मी पक्षकारांना पहिल्याच भेटीत सांगते, टोकनपासून चावीपर्यंत तीन महिने धरा. तुम्हाला बहुतेक ‘महिन्याभरात राहायला जाल’ असं सांगितलं गेलं असणार. मग एकतिसाव्या दिवसापासून पुढचा प्रत्येक दिवस संकटासारखा वाटणारच. उशीर माणूस सोसतो. फाइल नेमकी कुणाच्या टेबलावर पडलीय हे कळत नसलं की मात्र झोप उडते. तुमच्या पत्रात मला हेच दिसलं. ‘कागद येत नाहीत’, ‘एनओसी अडकलंय’ असं लिहिलंय, पण कोणता कागद, कुणी, कधी मागितला, हे एकाही ओळीत नाही.

तर आधी साखळी समजून घ्या. विकणारे स्वतः त्यांच्या बँकेत अर्ज करून दोन गोष्टी मागतात. एक, कर्ज किती बाकी आहे त्याचं पत्र. दुसरी, बँकेच्या ताब्यात कोणकोणते मूळ कागद आहेत त्याची यादी, जिला सगळे एलओडी म्हणतात. सोसायटीचं एनओसीही तेच आणतात. हे तिन्ही कागद तुमच्या बँकेत जातात. तुमच्या बँकेचा वकील मालकीच्या जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट देतो, इंजिनिअर येऊन व्हॅल्युएशन करून जातो. मग तुम्ही मुद्रांक शुल्क भरता आणि साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवता. ते हातात पडल्यावर तुमची बँक आधी विकणाऱ्यांच्या बँकेला बाकी रक्कम देते. त्यांचं कर्ज फिटतं, मूळ कागद सुटून तुमच्या बँकेकडे येतात, उरलेले पैसे विकणाऱ्यांना मिळतात, खरेदीखत, म्हणजे मालकी तुमच्या नावावर करणारा अंतिम दस्त, होतं आणि तुम्हाला ताबा मिळतो. पूर्ण मुद्रांक शुल्क साठेखतालाच भरलेलं असतं, त्यामुळे खरेदीखताला नाममात्र मुद्रांक पुरतो.

या सगळ्यात तुमच्या हातात काय आहे बघा. स्वतःचे पैसे तयार ठेवणं आणि सही करणं. बाकी प्रत्येक पायरीला फाइल दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर असते. म्हणून एक साधी शंभर पानी वही घ्या आणि एका पानावर चार रकाने आखा: कागद कोणता, सध्या कुणाकडे, मागितल्याची तारीख (आणि लेखी पोच आहे का), पुन्हा विचारायची तारीख. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘सोसायटीला शुक्रवारी विचारायचं’ असं एकदा लिहिलं की मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी तो विषय बंद ठेवायची मनाला परवानगी मिळते.

चाकणला कारखान्यात प्लॅनिंगचं काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे होते. रोज सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन ठरलेला. एकदा म्हणाले, “मॅडम, कंपनीत दीडशे पार्ट्सचं शेड्यूल सांभाळतो, तिथे कधी घाम फुटत नाही. इथे सहा कागदांनी झोप उडवली.” मी विचारलं, तिथे तुमच्यासमोर काय असतं? म्हणाले, बोर्ड. त्यांनी त्याच संध्याकाळी फ्रिजवर कागद चिकटवला. काम त्याने एक दिवसही लवकर झालं नाही, पण त्यांचे फोन थांबले, आणि त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं की घरात पुन्हा दुसरे विषय निघायला लागले.

एजंटला ‘कधी होईल?’ हा प्रश्न विचारणं आजपासून बंद करा. त्या प्रश्नाला ‘दोन दिवसांत’ याशिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी विचारा, ‘कागद आज कुणाकडे आहे, आणि त्या माणसाने कोणती तारीख दिली आहे?’ हे त्याला सांगता आलं नाही तर त्याने चौकशीच केलेली नाही. मग तुम्ही थेट विकणाऱ्यांना फोन करा. पुष्कळ एजंट दोन्ही बाजूंना एकमेकांशी बोलू देत नाहीत. टोकन दिल्यानंतरही हा पडदा कशाला ठेवायचा? विकणारी मंडळीही बहुतेकदा तितकीच टांगणीला लागलेली असतात. त्यांनीही पुढे कुठेतरी घर बघितलेलं असतं.

आता एनओसीबद्दल, कारण इथे गैरसमज फार आहेत. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, फ्लॅट विकायला सोसायटीची परवानगी लागत नाही. सभासदाने हस्तांतरणाच्या इराद्याची १५ दिवसांची नोटीस सोसायटीला द्यायची असते. पण कर्ज देणाऱ्या बँकेला एनओसी हवं असतं, म्हणून व्यवहारात ते लागतंच. ते अडकण्यामागे मी पाहिलेली कारणं अगदी साधी आहेत. विकणाऱ्यांचा मेंटेनन्स थकलेला असतो. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच असते आणि ती नुकतीच होऊन गेलेली असते. सेक्रेटरी गावाला गेलेले असतात आणि लेटरहेड त्यांच्या कपाटात असतं. आणि सगळ्यात जास्त वेळा, अर्ज लेखी दिलेलाच नसतो! जिन्यात भेटल्यावर ‘अहो, ते एनओसीचं बघा जरा’ एवढंच बोलणं झालेलं असतं. म्हणून विकणाऱ्यांना अर्जाच्या पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो मागा. पोच नसेल तर एनओसी अडकलेलं नाही, मागितलेलंच नाही. यात राग मानू नका, उलट सुटकेचा श्वास घ्या, कारण हे एका दिवसात सुधारता येतं. पैशांचा विषय निघाला तर लक्षात ठेवा की महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे ट्रान्सफर फीची, कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर ‘देणगी’ म्हणून कुणी मोठी रक्कम सांगत असेल तर ती मागणी लेटरहेडवर द्यायला सांगा. लेखी मागणी सहसा येत नाही.

विकणाऱ्यांच्या बँकेचं म्हणाल, तर मूळ कागद बऱ्याचदा शाखेत नसतात, दुसऱ्या शहरातल्या साठवणुकीच्या जागी असतात. यादी तिथून मागवावी लागते. शाखेतला माणूस ‘हो, सांगितलंय’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने खरंच सांगितलेलं असतं. इथे अर्जाचा नंबर मागायचा आणि आठवड्यातून एकदा विकणाऱ्यांनी स्वतः शाखेत जायचं. फोनवर हे काम हलत नाही. एक बारकावा सांगते. कर्जाच्या बाकीवर रोज व्याज चढतं, त्यामुळे कर्ज बंद करण्याचं पत्र ठरावीक तारखेपुरतंच चालतं. ते फार आधी घेऊन ठेवलं तर पुन्हा काढावं लागतं. म्हणजे ते पत्र आज हातात नाही यात घाबरण्यासारखं काही नाही. ते दस्ताची तारीख जवळ आल्यावरच घ्यायचं असतं. आज लागतात ती बाकी रकमेची माहिती आणि एलओडी.

तुमच्या मनात आणखी एक भीती असेल, ती जवळजवळ प्रत्येकाला असते. आपल्या पैशाने त्यांचं कर्ज फिटलं आणि मूळ कागद आलेच नाहीत तर? याला रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणं बँकांना बंधनकारक आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. तुमची बँकही एलओडी तपासूनच पैसे सोडते. या टप्प्यावर दोन बँका एकमेकींकडे बघत असतात, तुम्ही तिथे एकट्या नाही.

आता उशीर आणि धोका यांतला फरक. याकडे नीट लक्ष द्या, कारण रात्री दोन वाजता हे दोन्ही सारखेच दिसतात. कागदाला वेळ लागतोय, पण विकणारे फोन उचलतात, झेरॉक्स देतात, बँकेत स्वतः जातात, तर तो उशीर आहे. धोका वेगळा दिसतो. विकणारे आठवडा आठवडा फोन घेत नाहीत. कर्जखात्याचं स्टेटमेंट दाखवायला टाळाटाळ करतात. जुन्या करारनाम्यावर दोन नावं आहेत आणि भेटतो एकच माणूस. किंवा निरोप येतो की ‘अजून पाच लाख आत्ता द्या, बँकेत भरून कागद सोडवतो.’ हा शेवटचा निरोप आला तर हात आखडता घ्या. नोंदणीकृत साठेखत होण्याआधी विकणाऱ्यांच्या हातात आणखी पैसे द्यायचे नाहीत, माणूस कितीही चांगला असला तरी. खरीच नड असेल तर आधी साठेखत नोंदवा, मग त्यातल्या अटीप्रमाणे पैसे थेट त्यांच्या कर्जखात्यात जाऊ देत. ‘दुसरं गिऱ्हाईक आलंय’ हे वाक्य मात्र धोका नाही. ते दडपण आहे. त्याला उत्तर एकच, ‘आमची विसार पावती झाली आहे.’

आणि त्या पावतीकडेच येते, कारण तुमच्या पत्रात मला खरोखर काळजीची वाटलेली गोष्ट ही एकच आहे. विसार पावतीत सहसा ४५ किंवा ६० दिवसांची मुदत घालतात. तुम्हाला ५२ दिवस झालेत. मुदत ४५ ची असेल तर ती संपून आठवडा झाला, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. मुदत उलटून गेली आणि दोन्ही बाजू नुसत्या ‘होईल, होईल’ म्हणत राहिल्या, तर पुढे वाद झाल्यावर जो तो आपल्या सोयीचा अर्थ लावतो. यासाठी फार मोठं काही करावं लागत नाही. एका कागदावर लिहायचं: ‘दिनांक अमुकच्या विसार पावतीतील मुदत उभयतांच्या संमतीने दिनांक तमुकपर्यंत वाढवण्यात आली आहे. बाकी अटी आहेत तशाच राहतील. या मुदतीत विकणार यांच्याकडून कर्जाची कागदपत्रे किंवा सोसायटीचे नाहरकत पत्र न मिळाल्यास, खरेदीदारांची इच्छा असल्यास, दिलेली रक्कम १५ दिवसांत परत करण्यात येईल.’ खाली मूळ पावतीवर ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. तुमच्या वकिलांना आधी दाखवून घ्या. हा कागद झाला की कितीजण त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपतात, हे मी पाहिलेलं आहे.

तरीही भीती उरली, तर तिला आकडा द्या. व्यवहार मोडलाच तर तुमचं काय जातं ते वहीच्या मागच्या पानावर लिहा. टोकनचे २ लाख, तेही पावतीतल्या अटीप्रमाणे परत मिळण्यासारखे. बँकेची प्रोसेसिंग फी. वकिलाची फी. धावपळीत गेलेल्या रजा. एवढंच. ८६ लाख जात नाहीत, ते अजून तुमच्याकडेच आणि तुमच्या बँकेकडेच आहेत. मनाला मात्र घर, पैसे, मुलांची शाळा, सगळं एकदम गेल्यासारखं वाटत असतं. आकडा लिहिल्यावर दुःख संपत नाही, पण त्याला काठ मिळतो.

पैशांची तयारी या दिवसांतच करून टाका, म्हणजे हाताला कामही राहील. दोघांच्या नावावर घेत असाल तर पुण्यात मेट्रो अधिभार वगैरे धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६,०२,००० रुपये. नोंदणी शुल्क ३०,०००. किंमत ५० लाखांच्या वर आहे, म्हणून १ टक्का टीडीएस, ८६,००० रुपये. तो विकणाऱ्यांना द्यायच्या रकमेतून कापायचा आणि ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत सरकारकडे भरायचा. हे पुष्कळजण विसरतात आणि नंतर व्याज भरतात. तुमच्या रकमेला ८० टक्क्यांहून जास्त कर्ज मिळत नाही, म्हणजे किमान १७ लाख २० हजार तुमचे स्वतःचे लागणार. ते पैसे शेअर बाजारात ठेवू नका, बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत असू देत. लोन मंजुरीच्या पत्रावरची मुदत वाचा आणि ती तारीख वहीत लिहा. या काळात नोकरी बदलू नका, गाडीचं कर्ज काढू नका, हप्त्यावर फ्रिज घेऊ नका. पैसे सोडण्याआधी बँक तुमचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पुन्हा बघू शकते. खरं सांगायचं तर या टप्प्यावर मी व्यवहार रखडलेले पाहिले ते बहुतेक असल्याच कारणांनी.

तारखांचं दडपण मी सगळ्यात जास्त पाहिलं ते २०२० च्या डिसेंबरात. सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं होतं. शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर लोक सकाळपासून उभे होते, करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, सर्व्हर मधेच बंद पडायचा. एक मावशी भिंतीला टेकून रडत होत्या, की आज झालं नाही तर लाखो रुपये जातील. मी त्यांना सांगितलं, तुमचं शुल्क भरलंय, दस्तावर सह्या झाल्यात, आता नोंदणीला चार महिने आहेत. नोंदणी कायद्यात सही झाल्यापासून चार महिन्यांची ही सोय पूर्वीपासून आहे. त्यांना तीन-तीनदा सांगावं लागलं. जानेवारीत शांतपणे येऊन दस्त करून गेल्या. ज्या तारखेची धास्ती घेतलीय ती खरंच शेवटची आहे का, हे एकदा कुणा जाणत्याला विचारून घ्यायला हवं.

तुमच्या बाबतीत तशी तारीख भाड्याच्या घराची आहे. ती स्वतःहून सैल करा. घरमालकांना आजच भेटा, महिनाअखेरीस सांगू नका. दोन महिने वाढवून मागा आणि नवा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या, तो घरबसल्या ऑनलाइन होतो. दोन महिन्यांचं जास्तीचं भाडं जड वाटेल, पण घर सोडायची तारीख डोक्यावर असली की माणूस नको तिथे सही करतो आणि नको तिथे पैसे देतो. त्यापेक्षा ते भाडं स्वस्त पडतं. मालक नाहीच म्हणाले तर सामान एखाद्या नातेवाइकाकडे ठेवून महिनाभर कुठे राहता येईल हे आत्ताच ठरवून ठेवा. तशी वेळ बहुधा येणार नाही, पण जागा ठरलेली असली की मन त्या वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही.

यातून मी स्वतः गेले आहे. २०११ मध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा विकणाऱ्यांच्या बँकेत त्यांचा मूळ करारनामा सापडेना. मी वकील, रोज हेच काम करणारी, तरी सव्वीस दिवस मला धड झोप नव्हती. त्याआधी एका रविवारी आम्ही टेप घेऊन त्या घरात जाऊन आलो होतो. खिडक्यांची मापं घेतली, ओट्यावर कोणती टाइल लावायची ते ठरवलं, सुताराला पाच हजार ॲडव्हान्स दिला. कागद सापडत नाही असं कळल्यावर मला रात्री ती खिडकीच दिसायची. स्वयंपाकघरातली, पूर्वेची, खाली कुणाचं तरी कढीपत्त्याचं झाड. घर आपलं होण्याआधी मी मनाने त्यात राहायला गेले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, दस्त होईपर्यंत त्या घरात पुन्हा पुन्हा जाऊ नका, मापं घेऊ नका, पडदे बघू नका, सुताराला पैसे देऊ नका. दुसरी घरं साइटवर बघत बसणंही थांबवा. त्याने ‘आपलं चुकलं तर नाही ना’ एवढाच प्रश्न वाढतो. तो करारनामा शेवटी दुसऱ्याच कुणाच्या फाइलमध्ये लावलेला निघाला.

तुमच्या दोघांतल्या खटक्यांबद्दल. अशा वेळी एकाला सतत बोलून मोकळं व्हायचं असतं आणि दुसऱ्याला तो विषय नको असतो. दोघांचीही काळजी तेवढीच खरी असते. कामं वाटून घ्या. फोन एकाने करायचे, वही आणि पैसे दुसऱ्याने सांभाळायचे. घराबद्दल बोलायला रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं ठरवा, जेवणाच्या ताटावर नको. एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज रात्री आठनंतर म्यूट. त्या वेळी कुठलीही बँक आणि कुठलीही सोसायटी काही करत नसते. मिस्टरांच्या उशाशी कागद-पेन ठेवा. दोनला जाग आली तर मोबाइल न उघडता मनात आलेला प्रश्न लिहायचा, आणि सकाळी तो वहीत घ्यायचा. सकाळी बघाल तर त्यातले निम्मे प्रश्न आधीच वहीत असतील. नातेवाईक ‘झालं का घर?’ विचारतात तेव्हा दोघांनी एकच वाक्य ठरवून ठेवा: ‘कागदपत्रं चालू आहेत, दस्त झाला की पेढे घेऊन येतो.’ प्रत्येकाला सगळी कहाणी पुन्हा सांगत बसलात तर प्रत्येक वेळी तीच जखम उघडते. झोप दोन-तीन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, छातीत धडधडत असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. घराच्या कागदांसाठी कुणी मानसिक आरोग्याच्या नंबरला फोन करतं का, असं वाटून घेऊ नका. माणसाची झोप गेली आहे, तेवढं कारण पुरेसं आहे.

घरातली मोठी माणसं मुहूर्ताचा आग्रह धरत असतील तर त्यात अडकू नका आणि त्यांचं मनही मोडू नका. दस्त सोयीच्या दिवशी करा, गृहप्रवेश मुहूर्तावर करा. पितृपक्षात दस्त नको म्हणून पंधरा दिवस थांबायचं आणि मग दसऱ्याच्या गर्दीत सापडायचं, असं पुष्कळ घरांत होतं. सासूबाईंना सांगा की सही म्हणजे कागद आहे, कलश दसऱ्यालाच ठेवू. बहुतेक सासूबाई ऐकतात.

दस्ताचा दिवसही आत्ताच डोळ्यांसमोर आणून ठेवा, म्हणजे त्या दिवशी काही अडलं तरी धीर सुटणार नाही. मागे एका दस्ताला विकणारे काका छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवलेले होते, पंच्याहत्तरी उलटलेली. यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. एकदा, दोनदा, पाचदा. घेणारी मुलगी पांढरीफटक पडली. पाच महिन्यांनी इथवर आलो आणि आता अंगठ्यावर अडणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. टेबलापलीकडच्या ऑपरेटरने शांतपणे सांगितलं, “आजोबा, हात धुऊन या, मग कपाळावरून अंगठा फिरवा.” काका धुऊन आले, कपाळाला अंगठा घासला, पुन्हा ठेवला. हिरवा दिवा लागला. मग काका तिला म्हणाले, “तुळशीला पाणी घाल गं, मी कुंडी तिथेच ठेवणार आहे.” तो दस्त पाच महिन्यांनी झाला होता, तुमचा अजून दोन महिन्यांचाही नाही.

आज रात्री एवढंच करा. विसार पावती कपाटातून काढा आणि मुदतीची ओळ दोघांनी मिळून वाचा. मुदत संपली असेल किंवा आठ दिवसांत संपत असेल, तर उद्या सकाळी दहानंतर विकणाऱ्यांना स्वतः फोन करून भेटीची वेळ मागा. जाताना मुदतवाढीचा कागद दोन प्रतींत घेऊन जा, आणि एनओसीच्या अर्जाची पोच आणि बँकेच्या अर्जाचा नंबर त्याच भेटीत वहीत उतरवून घ्या.